नावीन्याचे दहा गुण

बँडमास्तर होतो असं सांगितलं की लोकांना लग्नाची वरात आठवते. आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले एक गृहस्थ मला लिफ्टमध्ये विचारत होते, घोडा तुमचाच असतो की बाहेरून आणता? मी म्हटलं, आमचे घोडे सातवी ते नववीत शिकतात आणि ते शाळेचेच असतात. त्यांना काही कळलं नाही, पण हसले.

म्हणून आधी काम काय ते सांगतो. घाटकोपरच्या एका शाळेत मी एकतीस वर्षं पीटी शिकवली आणि त्यातली सव्वीस वर्षं शाळेचा बँड बसवला. बँड बसवणं म्हणजे चाळीस पोरांना एकाच वेळी डावा पाय टाकायला लावणं. ऐकायला सोपं वाटतं. जो पोरगा सकाळी आईच्या चार हाकांना ओ देत नाही, त्याच्याकडून ड्रमच्या एका ठोक्यावर टाच उचलून घ्यायची असते. सगळ्यांत पुढे चकचकीत दांडा फिरवत चालणारा म्होरक्या, त्याच्यामागे बिगुल आणि बासऱ्या, मग गळ्यात अडकवायचे छोटे साइड ड्रम, झांजा, आणि शेवटी पोटावर मोठा बेस ड्रम घेतलेली जाडी पोरं. जाडी पोरं बँडमध्ये आली की सुधारतात, हे मी लिहून द्यायला तयार आहे. त्यांना पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्या आकारासाठी निवडलेलं असतं.

दर वर्षी डिसेंबरात उपनगरांतल्या शाळांची बँड स्पर्धा व्हायची. आठ मिनिटं मिळायची. पहिला पाय चुन्याची रेघ ओलांडून आत आला की घड्याळ सुरू, शेवटचा पाय बाहेर पडला की बंद. गुण शंभर. ताल, चाल, रांगा, गणवेश यांचे नव्वद, आणि शेवटचे दहा 'नावीन्या'चे. या दहा गुणांनीच सगळी वाट लावली. कारण नव्वदांत सगळ्या शाळा एक-दोन गुणांनी मागेपुढे असायच्या. ढाल कोणाकडे जाणार ते नावीन्यावर ठरायचं.

मी लागलो तेव्हा स्पर्धेची नियमावली एका पानाची होती. सोडलं तेव्हा सोळा पानांची पुस्तिका झाली होती. त्यातला एकेक नियम म्हणजे कोणा ना कोणा मास्तरानं केलेला उपद्व्याप. 'मैदानात जिवंत पशुपक्षी आणू नयेत' हा नियम बोरिवलीच्या शाळेमुळे आला. त्यांनी बेस ड्रमच्या पोटात कबुतर ठेवलं होतं, शेवटच्या ठोक्याला ते उडून आभाळात जायचं होतं. सात मिनिटं आतून ठोके ऐकून ते बिचारं असं गांगरलं, की बाहेर आल्यावर परीक्षकांच्या टेबलावर बसलं ते बक्षीस समारंभ होईपर्यंत हललंच नाही. 'बुटांना पत्रा ठोकू नये' हा अंधेरीचा. 'वादकांनी वाद्याखेरीज इतर काहीही वाजवू नये' हा ज्या शाळेमुळे आला, तिथल्या पोरांनी तालात एकमेकांच्या पाठी बडवल्या होत्या, आणि एका आईनं मैदानात उतरून मास्तरांची बडवली.

मीही काही साधूसंत नव्हतो. यादीतल्या वाद्यांशिवाय एक लोकवाद्य आणता येईल, अशी सवलत होती. एका वर्षी मी तेलाचे पंधरा किलोचे सहा डबे काळे रंगवले, त्यांना काथ्या गुंडाळला आणि अर्जात लिहिलं: 'ढबाक, कोकणातल्या खलाशांचं लोप पावत चाललेलं वाद्य.' आमचं गाव मालवणच्या बाजूचं. वडील मिलमध्ये होते, खलाशी आमच्या घराण्यात कोणी नाही. परीक्षकांनी ढबाकला नऊ गुण दिले. पुढच्या महिन्यात कोणीतरी डब्याचा रंग खरवडला आणि खालचं नारळाचं झाड आणि तेलाचं नाव वर आलं. तेव्हापासून पुस्तिकेत नियम आला: लोकवाद्य आणल्यास त्याची परंपरा आणि वादकाचा त्या परंपरेशी असलेला संबंध अर्जात लिहावा; संघ मैदानात येताना तो मजकूर वाचून दाखवला जाईल. हा नियम माझ्यामुळे आला, असं मी पुढे कितीतरी वर्षं चहाच्या टपरीवर छाती फुगवून सांगत असे.

नियम वाचायची माझी एक पद्धत होती. त्यात काय लिहिलंय ते मी वाचायचो नाही, काय लिहायचं राहून गेलंय ते वाचायचो. नवीन मास्तर माझ्याकडे पुस्तिका घेऊन यायचे, सर, यातून काही निघतं का बघा ना. आणि काही ना काही निघायचंच. त्याचा मला माज होता, खोटं कशाला बोलू.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसलो ते सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळीनं तीन वर्षं आमचा दुसरा नंबर आला होता. पहिला पार्ल्याच्या एका शाळेचा. त्यांचे ड्रम परदेशी, गणवेश शिंप्याकडून अंगावर मापून शिवलेले, आणि नावीन्य म्हणून दर वर्षी काहीतरी झकास. आमच्या मुख्याध्यापिका बाई त्या वर्षी निवृत्त होणार होत्या. त्यांनी मला बोलावून एवढंच म्हटलं की माझ्या कपाटावर एकदा ती ढाल बघायची आहे. बाई कधी काही मागत नसत. मी शब्द देऊन बसलो.

साइड ड्रमच्या रांगेत नववीतली करुणा नावाची मुलगी होती. गप्प, काळजीपूर्वक वाजवणारी. तिचा डावा हात मला खटकायचा. काडी ती मुठीत न धरता बोटांत तिरकी धरायची आणि ठोक्यांच्या मधल्या जागेत बारीक बारीक काहीतरी भरायची. आधी मी ओरडलो. मग एकदा नीट ऐकलं आणि गप्प बसलो. हे कुठे शिकलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, आजोबा पेपर वाचताना टेबलावर बोटं वाजवतात, त्यातलं आहे. आजोबा काय वाजवायचे? तर हलगी. गावाला, लहानपणी. आता नाही वाजवत.

हलगी म्हणजे ताटाएवढं गोल, चपटं वाद्य. खांद्याला अडकवायचं, उजव्या हातात आखूड जाड काठी, डाव्यात लांब बारीक काडी. गरम तेलात मोहरी पडावी तसा आवाज. आमच्या सगळ्या स्पर्धेत तोवर कोणी हलगी आणली नव्हती. माझ्या डोक्यात तिथल्या तिथे दहापैकी दहा गुण मांडले गेले.

दुसऱ्याच दिवशी संध्याकाळी मी करुणाच्या घरी गेलो. घाटकोपरच्या डोंगरावरची वस्ती, शेवटच्या पायऱ्यांना मी दोनदा थांबलो. आजोबा सत्तरीच्या पुढचे, धुतलेला पांढरा शर्ट, विक्रोळीच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून पस्तीस वर्षं काम केलेले. नातीचे सर आले म्हणून उठून उभे राहिले. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली करुणाचा बँडच्या गणवेशातला फोटो. तो त्यांनी स्वतः फ्रेम करून आणला होता, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

मी विषय काढला. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, सर, ते आम्ही सोडलं. लग्न असो, मयत असो, गावाच्या पुढे हलगी घेऊन चालायचं काम त्यांच्या घराकडे होतं. आठ वर्षांचे असल्यापासून तेही चालले. ज्यांच्या वरातीपुढे वाजवायचं त्यांच्या अंगणात पाय ठेवायचा नाही. मग गावातल्या त्यांच्या वस्तीनं दीक्षा घेतली, तेव्हा घरोघरच्या हलग्या एका जागी आणल्या आणि जाळल्या. नऊ होत्या. त्यांची स्वतःची, लहान मुलाची, तीही त्यात होती. त्यानंतर हात लावला नाही. हे सगळं ते अगदी हळू आवाजात सांगत होते, पेन्शनच्या खिडकीवर आपली हकीकत सांगावी तसं.

मी म्हटलं, काळ बदलला, आता ती कला आहे, मोठमोठ्या कार्यक्रमांत वाजते. ते म्हणाले, असेल. वाजवणाऱ्यांनी वाजवावी, माझं काही म्हणणं नाही. आम्ही नाही. मी शिकवणार नाही, सर.

मी म्हटलं, बरं. राहिलं. तुमचा शब्द म्हणजे झालं.

ते मला खालच्या वळणापर्यंत सोडायला आले. वाटेत गुडघा कसा आहे, शाळेत पाणी येतं का, असलं काहीबाही बोललो. आणि खरं सांगू? त्या पायऱ्या उतरताना माझं डोकं नियमावली वाचायला लागलं होतं. ते म्हणाले, मी शिकवणार नाही. तिनं वाजवू नये असं कुठे म्हणाले? ते म्हणाले, हलग्या जाळल्या. त्या कातड्याच्या होत्या. हल्ली फायबरच्या मिळतात, नटबोल्टनं ताणायच्या, मेलेल्या जनावराचा संबंधच नाही. त्या माणसानं मला आपलं सगळं आयुष्य सांगितलं होतं, आणि मी त्यात काय लिहायचं राहून गेलंय ते शोधत होतो.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती मालवणीत बोलायला लागली की समजायचं, प्रकरण गंभीर आहे. म्हणाली, "नको म्हणता तो माणूस, मगे कित्याक मागे लागलात?" मी म्हटलं, तुला बँडमधलं काय कळतं? तिला कळलं होतं तेवढं मला कळलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती.

मी लालबागेतून फायबरची हलगी आणली. करुणानं ती हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, "पण सर, आजोबा नको म्हणाले ना?" मी तिला माझा नियम वाचून दाखवला. ते शिकवणार नाहीत म्हणाले, तू वाजवू नकोस असं नाही म्हणाले. आणि ही कातड्याची नाहीच आहे. चौदा-पंधरा वर्षांची पोर, समोर सर, आणि सर कधी खोटं बोलत नाहीत अशी तिची समजूत. तिनं मान डोलावली. घरी सांगू का, म्हणाली. मी म्हटलं, आत्ता नको, थेट मैदानात बघू देत, खूश होतील.

शाळा सुटल्यावर मागच्या मैदानात तालीम चालायची. काही तिनं फोनवरचे व्हिडिओ बघून उचललं, काही आजोबांची बोटं बघून. सकाळी पेपर वाचताना ते बोटं वाजवायचे आणि ही समोर बसून मनात मोजायची. तिच्या आजोबांनी तिला शिकवलंच, त्यांना पत्ता नसताना. महिन्याभरात पोरगी अशी तयार झाली की बाकीची पोरं वाजवायची थांबून ऐकत राहायची. सव्वीस वर्षांत मी तसा हात पाहिला नाही. हे मात्र खरं आहे, आणि हेच मला जास्त टोचतं. तिला ते आवडत होतं. हलगी खांद्यावर आली की ती गप्प मुलगी ताठ व्हायची.

मग मी आणखी डोकं चालवलं. नेहमी म्होरक्या पुढे असतो. मी म्हटलं, हलगी सगळ्यांच्या पुढे, एकटी, दहा पावलं आधी. तिच्यामागे म्होरक्या आणि मग पांढरे हातमोजे घातलेला सगळा बँड. तिच्या गणवेशावर काहीतरी गावाकडचं हवं म्हणून कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानातून एक घोंगडी आणली आणि खांद्यावर टाकली. तिला ती टोचायची. मी म्हटलं, आठ मिनिटांचा प्रश्न आहे.

आणि अर्ज. लोकवाद्याची परंपरा आणि वादकाचा त्याच्याशी संबंध. माझ्याच ढबाकमुळे आलेला रकाना. तिथे मी माझ्या सर्वांत सुंदर अक्षरात लिहिलं, की वादक विद्यार्थिनी ही परंपरागत हलगीवादक घराण्यातील असून आजोबांच्या पिढीपासून चालत आलेला हा वारसा ती पुढे नेत आहे. खाली तिचं पूर्ण नाव, आजोबांचं नाव, गाव आणि तालुका. हे वाचून दाखवतात हे मला ठाऊक होतं. वाचून दाखवतात म्हणून तर एवढं घोटून लिहिलं.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी करुणा म्हणाली, आजोबा बघायला येणार म्हणतायत. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. तेव्हासुद्धा मला थांबता आलं असतं. साइड ड्रम गळ्यात घालून तिला रांगेत उभी केली असती तर काय झालं असतं, चौथ्यांदा दुसरा नंबर आला असता. मी म्हटलं, येऊ देत गं. नातीला वाजवताना बघितलं की विरघळतील. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं. मी स्वतः तेव्हा पंचावन्नचा होतो.

स्पर्धा मुलुंडच्या एका मैदानात होती. नियम तपासणारे गृहस्थ रेघेच्या अलीकडे आले, त्यांनी हलगी अंगठ्यानं दाबून बघितली, फायबर आहे, चालेल, म्हणाले. करुणा रेघेवर उभी. आजोबा तिसऱ्या ओळीत, सुनेच्या, म्हणजे करुणाच्या आईच्या शेजारी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. नात ड्रमच्या रांगेत कुठे दिसते ते मान उंच करून शोधत होते. सगळ्यांच्या पुढे घोंगडी टाकून उभी असलेली मुलगी त्यांनी पाहिलीच नव्हती.

लाऊडस्पीकरवरून निवेदकानं शाळेचं नाव घेतलं आणि मग माझा मजकूर वाचायला घेतला. आवाज खणखणीत, एकही शब्द खाल्ला नाही. परंपरागत हलगीवादक घराणं. आजोबांचं नाव. गाव. तालुका. वर स्वतःच्या पदरचं जोडलं, की अशी घराणी आहेत म्हणून आपली संस्कृती टिकून आहे, जोरदार टाळ्या होऊ द्या. सगळं मैदान टाळ्या वाजवत होतं. मी आजोबांकडे बघत होतो. टाळ्या ऐकून त्यांनी आधी आजूबाजूला पाहिलं, जणू त्याच नावाचा दुसरा कोणी असावा. मग समोर पाहिलं. करुणानं पहिला ठोका दिला.

ते उठले. सुनेनं हात धरला तो त्यांनी हळूच सोडवला. खुर्च्यांमधून वाट काढत, लोकांना 'जरा जाऊ द्या' म्हणत ते मैदानाच्या कडेनं फाटकाकडे चालत गेले. करुणा वाजवत त्याच बाजूला येत होती. तिनं त्यांना पाहिलं. एक ठोका चुकला. हजार माणसांत तो फक्त मला कळला असेल. मग ती पुढची साडेसहा मिनिटं वाजवत राहिली, एकही चूक न करता, आणि मला एवढं कळत होतं की ती वाजवते आहे कारण थांबायचं कसं हे मी तिला शिकवलेलं नाही. संघ सुरू झाला की काहीही झालं तरी थांबायचं नाही, हे मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या डोक्यात भरलेलं होतं.

नावीन्याला दहापैकी दहा मिळाले. एक परीक्षक मुद्दाम येऊन माझा हात हातात घेऊन म्हणाले, सर, आमच्या गावची वरात डोळ्यांसमोर उभी केलीत. ढाल आम्हाला मिळाली. पोरं नाचली, बाई रडल्या. करुणानं घोंगडीची घडी घातली, हलगी माझ्या खुर्चीवर ठेवली आणि ती आईबरोबर निघून गेली. ढालीबरोबरच्या फोटोत ती नाही.

सोमवारी ती बँडला आली नाही. आठवड्याभरानं तिची आई गणवेश घेऊन आली, धुतलेला, इस्त्री केलेला, पट्टा आणि टोपी वेगळ्या पिशवीत. मी म्हटलं, ताई, चूक माझी आहे, मुलीला शिक्षा नको. ती म्हणाली, शिक्षा कोणी केली नाही, सर. आजोबा तिला काही बोलले नाहीत. तीच त्यांच्यासमोर बसत नाही. ते पेपर वाचायला बसले की ही स्वयंपाकघरात जाते. आणि त्यांचंही टेबलावर बोटं वाजवणं बंद झालंय. एवढं बोलून तिनं गणवेश मिळाल्याची सही माझ्याकडून घेतली. शाळेचा नियम होता तसा.

करुणानं बँड सोडला तो सोडलाच. दहावीला चांगले मार्क मिळवून शाळेतून गेली. हल्ली ती कुठल्यातरी लॅबमध्ये असते असं ऐकतो. स्पर्धेच्या पुस्तिकेत त्या वर्षी नवीन नियम आला नाही. आक्षेप घ्यावा असं कोणाला काही दिसलंच नव्हतं. उलट पुढच्या वर्षी चार शाळांनी हलगी आणली. मी त्यानंतर तीन वर्षं बँड बसवला. सरळ रांगा, सरळ चाल. नावीन्याला तीन-चार गुण मिळायचे. लोक म्हणायचे, सर आता दमले.

मी परत त्या पायऱ्या चढलो तो करुणाची आई गणवेश देऊन गेल्यानंतरच्या रविवारी. काय बोलायचं ते घरून पाठ करून गेलो होतो. आजोबा घरात एकटेच होते. या वेळीही उठून उभे राहिले, खुर्ची पुढे केली. मी म्हटलं की चूक सगळी माझी, करुणाला मी फसवलं, अर्जात मी लिहिलं, तुम्ही तिच्यावर राग धरू नका. आणि ढाल मी बाईंना सांगून परत करायला लावतो. ते म्हणाले, ढाल कशाला परत करता, बाकीच्या पोरांनी घाम गाळलाय. तिच्यावर राग नाही. ती लहान आहे, तिला सरांनी सांगितलं, तिनं ऐकलं. आम्हीच तिला सांगत आलो, सरांचं ऐकत जा.

खालून कोणाच्यातरी टीव्हीचा आवाज येत होता. मी उठू का बसू, मला कळेना.

"मागल्या वेळी तुम्हाला एक सांगायचं राहिलं," ते म्हणाले. "हलग्या जाळल्या त्याच्यानंतर गावात पाटलाच्या घरी लग्न निघालं. माझ्या बापाला बोलावणं आलं. तो म्हणाला, नाही वाजवणार. त्याला चावडीपुढं मारलं. त्याचा हा हात पुन्हा वर गेला नाही. मी तिथंच उभा होतो. मग मुंबईला आलो, इथं मला कोणी विचारलंच नाही कधी. साठ वर्षांनी तुम्ही आलात, खुर्चीवर बसून विचारलंत. मी नाही म्हणालो. तुम्ही म्हणालात, बरं. तुम्ही गेल्यावर मी सुनेला सांगितलं, आज माझा बाप असायला पाहिजे होता."

मी हात जोडले. दुसरं काय करणार?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आवाज चढला नाही, रागही दिसला नाही.

"गावात नाही म्हटलं की मारायचे, सर. तुम्ही मारलं नाहीत. वाजवून मात्र घेतलंत."